तळे क्रमांक तीनमधील माशांना भय शिकवणेबाबत

प्रति,
मा. संचालक महोदया,
नदीमत्स्य पुनर्स्थापना व सार्वजनिक भूमी व्यवस्थापन कार्यालय,
जुनी इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : वरिष्ठ मत्स्यपाल, मत्स्यबीज केंद्र, बंधाऱ्याजवळ. सेवा एकोणीस वर्षे.

विषय : तळे क्रमांक तीनमधील ४१२ तांबपर मासे येत्या १४ तारखेस नदीत सोडण्यापूर्वी त्यांना मारहाण करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, गेल्या महिन्याची दि. २.
२) माझी स्मरणपत्रे, दि. ९, १६ व २३.
३) आपल्या कार्यालयाचे पत्र, दि. २५, 'अर्ज विहित नमुन्यात नसल्याने परत'.

महोदया,

विषय वाचून आपल्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. माझा पहिला अर्ज आवक लिपिकाने मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा मी तिथेच बाकावर बसलो होतो. सगळी खोली हसली. शिपाई चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाला, "मासे तक्रार घेऊन आले तर कुठल्या टेबलाला पाठवू?" मीही हसलो, कारण एकोणीस वर्षे नोकरी केलेला माणूस वरच्या कार्यालयात हसतोच. तरी विनंती आहे की आपण हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा. हसायचे असल्यास नंतर हसावे.

१. तांबपर हा मासा वाढला की हाताएवढा लांब होतो आणि त्याच्या परांची कड तांब्याच्या रंगाची असते, म्हणून हे नाव. पूर्वी तो या नदीत इतका होता की बायका धुणे धुताना त्याला हाकलत. मग बंधारा झाला, वाळू उपसली, कोणीतरी शौकाखातर बाहेरचे शिकारी मासे आणून सोडले, आणि बघता बघता तांबपर संपला. एकोणीस वर्षांपूर्वी शेवटचे सात मासे एका डोहात जाळे टाकून पकडले व पिंपात घालून केंद्रात आणले. त्याच आठवड्यात मी कामावर रुजू झालो. सातांपैकी सहा मेले. उरली ती एक मादी, गाभण होती म्हणून आपण सगळे वाचलो. तिला आम्ही मावशी म्हणतो, कारण ती कायम पुढे पोहते, आधी स्वतः दाणा चाखते आणि मग बाकीच्यांना येऊ देते. आज जे काही तांबपर आहेत ते सगळे तिचेच.

२. आता बादलीविषयी, कारण या प्रकरणाचे मूळ बादलीतच आहे. दाणा टाकला आणि मासे वेळेवर आले नाहीत तर तो तळाशी बसतो, कुजतो, पाणी नासते आणि पिल्ले मरतात. यावर मी उपाय काढला. दाणा टाकण्याआधी पत्र्याच्या बादलीच्या काठावर लोखंडी पळीने वाजवायचे : दोन टोले, जरा थांबून एक. आठवड्याभरात मासे शिकले. टोले पडले की तळ्याच्या चारही कोपऱ्यांतून तोंडे वर काढून माझ्या पायापाशी गर्दी करायची. दाण्याची नासाडी थांबली, मरतूक निम्म्याने घटली, आणि पूर्वीच्या साहेबांनी मला प्रशस्तिपत्र दिले. ते मी चौकटीत घालून समोरच्या खोलीत लावले होते. महोदया, त्या प्रशस्तिपत्राच्या जागी आरोपपत्र द्यायला हवे होते हे तेव्हा ना साहेबांना कळले ना मला. मी एका अख्ख्या जातीला शिकवले की माणूस बादली घेऊन आला की खायला मिळते. चूक माझी आहे. ती मी आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचे लिहायला हात मोकळा राहील.

३. दोन वर्षांपूर्वी केंद्र लोकांना पाहण्यासाठी खुले केले तेव्हा साहेब म्हणाले, "जरा तुमची ती गंमत दाखवा." साठ-सत्तर माणसे काठावर उभी होती. मी पळी उचलली. मासे धावत आले, मावशीने माझ्या तळहातावरचा दाणा खाल्ला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली हे खोटे कशाला बोलू? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या गर्दीत माझा मेहुणाही होता. घरात त्याला बारक्या म्हणतात, वजन शंभर किलो. तो त्या दिवशी आमच्याकडेच जेवला आणि हात धुता धुता म्हणाला, "दाजी, दोन टोले आणि एक ना? की एक आणि दोन?" मी त्याला बरोबर करून सांगितले.

४. गेल्या वर्षी १,१४० मासे नदीत सोडले. प्रत्येकाच्या पाठीच्या परात मी माझ्या हाताने क्रमांकाचा बिल्ला अडकवला होता. बरोबर एकोणीस दिवसांनी, रविवारी सकाळी, केंद्राच्या पहारेकऱ्याने सायकल टाकून दिली आणि माझे दार ठोठावले. तो नुसताच "नदी, नदी" म्हणत होता.

मी पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. बंधाऱ्याखाली पाणी जेमतेम गुडघाभर असते. तिथे तीस-चाळीस माणसे उभी होती. हातांत काठ्या, फावड्यांचे दांडे, एकाकडे पहार. मधोमध बारक्या. त्याच्या डाव्या हातात आमच्याच केंद्रातून निर्लेखित होऊन मोडीत निघालेली, मी घरी आणलेली आणि माझ्या पत्नीने माहेरी दिलेली पत्र्याची बादली होती, उजव्या हातात पळी. दोन टोले, जरा थांबून एक.

मासे येत होते. पाण्याबाहेर तोंडे काढून, आ वासून, एकमेकांच्या अंगावर चढत. फटका बसला की मासा पांढरे पोट वर करून उलटायचा आणि त्याच्या जागी मागचा यायचा. डोकी फुटत होती, डोळे बाहेर येत होते, एकाचा जबडा तुटून लोंबत होता आणि तो तसाच दाणा शोधत पुन्हा बादलीकडे वळला. मागचे पळाले नाहीत. टोले चालू आहेत तोवर दाणा मिळतो, एवढेच मी त्यांना शिकवले होते. पाणी आधी गढूळ झाले, मग लाल झाले. लोक हसत होते. खायचे म्हणूनही कोणी मारत नव्हते, कारण शे-दीडशे सोडले तर बाकी सगळे काठावर फेकून दिलेले होते आणि ते तिथे तडफडत होते. येतायत म्हणून मारत होते, बस.

मी माशांना "पळा, पळा" म्हणून ओरडलो. याची नोंद पंचनाम्यात 'अर्जदार असंबद्ध बडबडत होता' अशी आहे. मग मी पाण्यात उतरलो आणि ती माझी दुसरी चूक झाली. त्यांनी मला ओळखले. तळ्यात मी रोज असाच उभा राहत असे. जे जिवंत होते ते सगळे माझ्या पायांशी आले, पोटऱ्यांना अंग घासू लागले, दोन पायांच्या मध्ये शिरून बसले. लोकांचे काम सोपे झाले. त्यांना आता शोधायचेही नव्हते. माझ्या पायांभोवती काठ्या पडू लागल्या आणि त्यांपैकी एक माझ्या नडगीवर बसून हाड मोडले. मी खाली बसलो तरी ते माझ्या मांडीवर येत होते.

त्यानंतर मी केलेले कृत्यही लपवत नाही. बादली मी बारक्याच्या हातातून हिसकावली व त्याच्याच तोंडावर मारली. चार वेळा मारली असे साक्षीदार म्हणतात, मला दोनच आठवतात. त्याचे दोन दात पडले व मनगट मोडले. दातांपैकी एक सापडला. सासरे म्हणतात, आपलेच दात आणि आपलेच ओठ. दात मात्र बारक्याचे गेले, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटलेले नाही.

५. दुसऱ्या दिवशी मोडक्या पायाने काठावर बसून मी मेलेल्या माशांचे बिल्ले कापले. ९०३ भरले. चौकशी झाली. अहवालात लिहिले आहे की मासे सार्वजनिक पाण्यात, सार्वजनिक जागेवरून, 'स्वखुशीने' लोकांकडे आले, सबब कोणावरही कारवाई प्रस्तावित नाही. एकच गुन्हा दाखल झाला, तो माझ्यावर : मेहुण्यास मारहाण, आणि शासकीय बादलीस पोचे आणणे.

६. नदीकाठची बेचाळीस हेक्टर जमीन आपल्याच कार्यालयाच्या ताब्यात आहे. एका खोलीत मासे वाचवण्याची फाइल, समोरच्या खोलीत काठ सर्वांना खुला ठेवण्याची फाइल, आणि दोन्हींवर सही आपलीच. मी मागितले होते की मासे रुळेपर्यंत दोन महिने बंधाऱ्याखाली कुंपण घालावे. उत्तर आले की सार्वजनिक जमिनीवर कुंपण घालता येत नाही. कुंपणच शेत खाते अशी म्हण आहे, पण इथे तेवढाही आरोप करायची सोय नाही. नदीकाठावर पहारेकरी मागितला, पद मंजूर नाही. शेवटी आपण कृपाळू होऊन फलक लावलात : 'येथे बादली वाजवण्यास सक्त मनाई आहे.' महोदया, ज्यांना बादलीचे माहीत नव्हते त्यांनाही त्या फलकामुळे समजले. बाजारातल्या भांडीवाल्याकडे पत्र्याच्या बादल्या संपल्या. आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी ओट्यावर बसून सराव करतात. टोल्यांमधले थांबणे त्यांना अजून जमत नाही, पण १४ तारखेपर्यंत जमेल.

७. आणि १४ तारखेला मासे पुन्हा तिथेच सोडायचे आहेत. वरच्या डोहात सोडावेत, तिथे खोल पाणी आहे, पाय रोवायला जागा नाही, म्हणजे काठीवाला माणूस उभा राहू शकत नाही, असे मी कळवले होते. पण तिथवर मोटार जात नाही व प्रमुख पाहुण्यांना चालवत नेणे योग्य नाही असे मला कळवण्यात आले. निमंत्रणपत्रिकाही छापून झाली. तीत पहिलेच वाक्य आहे की 'जातीची जननी मावशी' हिला पाहुण्यांच्या हस्ते सर्वांत आधी पाण्यात सोडण्यात येईल. तिला तळ्यातच राहू द्यावे, तिचे आता वय झाले, असा मी स्वतंत्र अर्ज केला. त्यावर शेरा आला : 'पत्रिका छापली आहे.'

८. माशांना बादली विसरायला लावण्याचाही प्रयत्न केला. चार महिने टोला न मारता, मुकाट्याने दाणा टाकला. मग एक दिवस परीक्षा म्हणून वाजवली. तिसऱ्या टोल्याची त्यांनी वाटही पाहिली नाही. मी तिथेच तळ्याच्या कठड्यावर बसून रडलो, आणि ते खाली तोंडे उघडून थांबले होते.

९. मारहाणीची कल्पना माझी नाही. ती माझ्या पत्नीची आहे, म्हणजे बारक्याच्या सख्ख्या बहिणीची. भावाचे दात पडल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. जे सांगायचे ते भिंतीला सांगायची. तिला मासे परके नाहीत. मी विषमज्वराने पंधरा दिवस पडलो होतो तेव्हा तळ्यावर तीच जात होती व मावशी तिच्याही हातचे खात असे. एक दिवस माझ्या पायाचे पट्टे बदलताना ती भिंतीला म्हणाली, "यांनी नुसते लाड केले. कधी एक धपाटा घातला असता तर आज जिवंत असती ती पिल्लं बिचारी. आपलं म्हणून कोणी घाबरायला शिकवायला नको?"

माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एकदाच मारले. मी सहा वर्षांचा असताना डोहाच्या कडेला वाकून पाहत होतो. त्यांनी मागून येऊन असा काही हाणला की डाव्या कानात आठवडाभर शीळ वाजत होती. एक शब्द बोलले नाहीत. माझ्याबरोबरची दोन मुले पुढे त्या डोहात बुडाली, मी आज अर्ज लिहीत आहे. वडिलांवरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही. माशांचाही जाऊ नये, एवढेच मला हवे होते.

१०. म्हणून मी गेल्या महिन्यात रीतसर परवानगी मागितली. संरक्षण नियमातील कलम नऊ असे की संरक्षित माशास 'इजा, त्रास अथवा भय' उत्पन्न करणारा शिक्षेस पात्र राहील, मात्र सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने तसे करता येईल. सक्षम अधिकारी आपण आहात. अर्ज विहित नमुन्यात नाही म्हणून परत आला, तेव्हा मी आवक लिपिकाला विचारले की मग नमुना द्या. त्याने तीन कपाटे उघडली. बिचारा मनापासून शोधत होता. मग म्हणाला, "मासे पाळणाऱ्याचा फॉर्म आहे, मासे मारणाऱ्याचा परवाना आहे. पाळणाऱ्यानंच मारायचा काही नमुना निघालेला नाही अजून. तुम्ही असं करा, पुढच्या वर्षी या."

११. पुढच्या वर्षी मासे नसतील. म्हणून आता जे लिहितो ते आपण शांतपणे वाचावे. वर विषयात 'परवानगी' असे लिहिले आहे. लिहिताना धीर झाला नाही. ती 'कार्योत्तर मंजुरी' आहे असे समजावे.

१२. काम २६ तारखेस सुरू केले. पाय धड नसल्याने मी एका हाताने कठडा धरत असे, सबब बादली माझ्या पत्नीने वाजवली. मी विचारले नव्हते. ती स्वतःच पोलिसांनी परत दिलेली ती पोचे आलेली बादली घेऊन तळ्यावर आली आणि भिंत जवळ नसल्यामुळे माझ्याशीच बोलली. "मी वाजवते. तुम्ही मारा. तुमच्याच्यानं दोन्ही व्हायचं नाही."

पहिले दोन दिवस नुसते पाणी झोडपले. त्यांना तो खेळ वाटला. तिसऱ्या दिवसापासून बांबूने पाठीवर मारले. बांबूच्या टोकाला जाड कपडा गुंडाळला होता, कारण कातडी फुटू द्यायची नव्हती. माशाची कातडी फाटली की तिचा वास पाण्यात पसरतो आणि बाकीचे मासे भीतीने वेडे होतात, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. तेवढ्या थराला जायची माझी तयारी नव्हती. मार खाऊन ते पळत आणि पुढच्या टोल्याला परत येत. पाचव्या दिवशी मासेगणनेचे विजेचे यंत्र आणले व पाण्यात सोडले. अंगे ताठ झाली, तोंडे उघडी राहिली, तळे क्षणभर लाकडे भरल्यासारखे दिसले. सहा मेले. उरलेले शुद्धीवर आले, टोले पडले, आणि ते आले. पत्नी बादली खाली ठेवून म्हणाली, "मेल्यांनो, अक्कल कुठं गहाण टाकलीत?" आणि पदराने डोळे पुसू लागली.

१३. मग लक्षात आले की इतका मार खाल्ल्यावर ते बादलीकडे येत नव्हते, मावशीच्या मागे येत होते. मावशीला माझे भयच नव्हते. मी मारले तर ती थोडी खाली जाई, वळे, आणि परत माझ्या पायापाशी येऊन तोंड उघडी. तिला दोन दिवस शेजारच्या तळ्यात ठेवले. पिल्ले टोला ऐकताच दूर झाली. आनंद झाला. पण पत्रिका छापली आहे, म्हणजे ती त्यांच्याबरोबर नदीत जाणारच. म्हणून तिला परत आणून सोडले आणि वाजवून पाहिले. ती आली, आणि तिच्यामागून सगळी आली, दोन दिवसांचे शिकलेले सगळे विसरून.

पत्नी म्हणाली, "ही आहे तोवर ती शिकायची नाहीत." मी म्हणालो, माहीत आहे. मग मी बांबूच्या टोकाचा कपडा सोडला.

१४. महोदया, सात फटके लागले. पहिल्याला ती बाजूला झाली व पत्नीने वाजवल्यावर परत आली. तिसऱ्याला डोक्याची कातडी फुटली. चौथ्याला एक डोळा गेला आणि ती दुसऱ्या बाजूने फिरून, उरलेल्या डोळ्याने मला शोधत आली. मी तिला शिव्या दिल्या. कधी आईलाही बोललो नव्हतो असे बोललो. पत्नी वाजवत होती आणि मोठ्याने रडत होती, पण तिचा ठेका चुकला नाही : दोन टोले, जरा थांबून एक. सातव्यानंतर मावशी आली नाही. तिचे तोंड मात्र उघडे होते.

तो वास मग पाण्यात पसरला असावा. तळे उकळल्यासारखे झाले. चारशे मासे एकदम पलीकडच्या भिंतीवर गेले, आपटले, मागे येऊन पुन्हा आपटले. काही कठड्यावरून सिमेंटवर पडले. एकतीस डोकी फुटून मेले. बाकीचे तळाच्या कोपऱ्यात एकावर एक दडून बसले. पत्नीने पळी उचलून विचारले, "पुन्हा वाजवू?" मी मान डोलावली. तिने वाजवली. पाण्यावर एक तरंगही उठला नाही. ती म्हणाली, "झाली शहाणी," आणि बादली तिथेच टाकून घरी गेली. त्यानंतर आमच्या घरात बादली वापरत नाहीत. पाणी घागरीने भरतो.

१५. सबब विनंती आहे की :

(अ) सहा विजेने व एकतीस त्या दिवशी, असे सदतीस मासे व मावशी यांच्या मृत्यूस कार्योत्तर मंजुरी द्यावी. देणे शक्य नसल्यास कलम नऊखाली माझ्यावर कारवाई करावी. मी नाकबूल होणार नाही. पत्नीचे नाव त्यात घालू नये, तिने फक्त बादली वाजवली आणि तेवढ्यासाठी कोणावर कारवाई होत नाही हे मागील चौकशीत ठरलेले आहे.

(ब) उरलेले ३७४ मासे १४ तारखेपर्यंत न थांबता वरच्या डोहात सोडण्यास हुकूम द्यावा. पाहुण्यांना यायचेच असेल तर चालत यावे. त्यांनी पाण्याजवळ मात्र जाऊ नये, मासे घाबरतात. दोन वर्षांपूर्वी हे वाक्य लिहिता आले असते तर ९०३ वाचले असते.

(क) मावशीच्या जागी पत्रिकेत काय छापावे ते आपण ठरवावे.

(ड) माझी बदली जिथे पाणी नाही अशा कोणत्याही ठिकाणी करावी. अभिलेखागार चालेल.

१६. अर्ज पुरा करण्यापूर्वी आज सकाळी मी एकटाच तळ्यावर गेलो. बादली नेली नव्हती. रोजच्यासारखा पाण्यात उतरून उभा राहिलो आणि तळहातावर दाणा धरला. पाऊण तास धरला. पाण्याने दाणा फुगून विरघळला तरी एकही आला नाही. माझी सावली हलली की ते सगळे दुसऱ्या टोकाला जात होते. एकोणीस वर्षांतले माझे हे सर्वांत चांगले काम आहे, महोदया, आणि मला ते पाहवत नाही. ते आता कोणाही माणसाजवळ जाणार नाहीत. मी स्वतः उभा राहून पाहिले आहे.

आपला, अजूनही नम्र,

(सही)
वरिष्ठ मत्स्यपाल
मत्स्यबीज केंद्र, बंधाऱ्याजवळ
दि. ९

सोबत :
१) मावशीचा बिल्ला, क्र. १.
२) गेल्या वर्षीचे बिल्ले, ९०३, गोणीत.
३) पूर्वीच्या साहेबांनी दिलेले प्रशस्तिपत्र, चौकटीसह, परत.
४) बांबू, एक. धुतलेला नाही.
५) पत्र्याची बादली व पळी, पोचे आलेली. कृपया कार्यालयात कोणीही वाजवून पाहू नये.